उष्टा जांब

पोपट हा आपला वैरी आहे, हे धानवाल्याच्या घरात लेकराला चालता येण्याआधी कळतं. शहरातल्या माणसाला पोपटांचा थवा दिसला की तो मान वर करून कौतुकानं बघत राहतो. आम्ही खाली वाकून दगड शोधतो. मी आता भंडाऱ्यात राहते, शेतीशी माझा संबंध उरला आहे तो फक्त भाताच्या ताटापुरता, तरी संध्याकाळी गच्चीवरून पोपट ओरडत गेले की माझा हात आपोआप गोफण शोधायला लागतो आणि नातू हसतो. अशा आमच्या घरात एका हंगामात माझ्या मायनं पोपटांशी सूत जुळवलं. शेत राखायला बसलेल्या पोरांना तिनं गप्प केलं आणि हलका धान, म्हणजे आधी पिकणारा भात, पिवळा पडलेला असताना पोपटांना खुशाल येऊ दिलं. तिला वेड लागलं असं गावातल्या निम्म्या लोकांना वाटलं, आणि उरलेल्या निम्म्यांना ते आधीपासूनच ठाऊक होतं.

आमचं गाव आसगावच्या पुढे, तलावाच्या पाळीखाली. बाबा मी लहान असतानाच गेले, त्यामुळे घराचा कारभार दादाकडे होता आणि दादाचा कारभार मायकडे. दादाची बायको, म्हणजे माझी वहिनी, त्यांची मुलगी कुसुम, पाळण्यातला तिचा भाऊ, आणि मी. मला त्या वर्षी मॅट्रिकच्या गणितानं आडवी पाडली होती, म्हणून मी घरी होते. घर पहाटे मुसळाच्या आवाजानं जागं व्हायचं. माय पोहे कांडायची, वहिनी शेण सारवायची, आणि चुलीवर भाताचं आधण कुरकुरत असायचं. आमच्याकडे दुपारी भात, रात्री भात, आणि सकाळी रात्रीचा पाण्यात घालून ठेवलेला भात, कांद्यासोबत. बरोबर लाखोळीचं वरण, नाहीतर सुक्या झिंग्यांची चटणी. त्या चटणीचा वास परवा एका लग्नात कुठूनसा आला आणि मी पंगत सोडून स्वयंपाकघराकडे निघाले होते. सुनेनं हात धरून परत बसवलं.

कुसुम सहा वर्षांची होती आणि अखंड बोलायची. पण क, ख, ग, घ ही अक्षरं तिच्या तोंडात राहायलाच आली नव्हती. क च्या जागी त यायचा, ग च्या जागी द. गाय म्हणजे दाय, खार म्हणजे थार. माझं नाव शकुंतला, घरात मी सकू, म्हणून तिची मी सतूआत्या. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. उलट आम्हीच तिची भाषा बोलायला लागलो होतो. दादासारखा रागीट माणूस गोठ्यातून ओरडायचा, "दायीले पानी दाखवलं का वो?" आणि वहिनी तितक्याच गंभीरपणे म्हणायची, "दाखवलं." बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर हे घर कुठल्या मुलुखातून आलं म्हणून विचारलं असतं.

शाळा सुरू झाली तेव्हा गुरुजींनी एकेकाला नाव विचारलं. कुसुम उठून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "तुसुम." वर्ग हसला. पोरं हसतातच, त्यांचं काय घेऊन बसायचं. पण नंतर तीच पोरं शाळेतून घरापर्यंत तिच्या मागे "तुसुम, तुसुम" करत यायला लागली. थोड्याच दिवसांत कुसुम उंबरठ्याच्या आत बडबडी आणि उंबरठ्याबाहेर मुकी झाली. मग शाळेत जायचं नाव काढलं की तिला ताप चढू लागला, खराखुरा, हाताला लागणारा. गुरुजी भला माणूस. ते स्वतः घरी आले, म्हणाले, पाठवा, येईल हळूहळू. दादानं त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. दादाच्या एका डोळ्यात पांढरं फूल पडलेलं होतं. लहानपणी शाळेत त्याला काय काय नावं पडली ते त्यानं आम्हाला कधीच सांगितलं नाही. चौथीनंतर तो शाळेत गेला नाही एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

एका दुपारी जेवता जेवता तो म्हणाला, "मंडई झाली का कुसुमले बपेऱ्याले पाठवून देतो. तिच्या मावशीच्या लेकराले पाहाले कोनी नाही."

"अन् शाळा?" मी विचारलं.

"कायची शाळा? हसू करून घ्याले पाठवू का पोरीले? तिथं कोनी तिले नाव इचारनार नाही."

मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी आमच्याकडची जत्रा. दंडार नाचतात, घरोघर पाहुणे येतात. वहिनीची बहीण आणि तिचा नवरा दर मंडईला येत, तेच जाताना कुसुमला घेऊन जाणार होते. बपेरा तुमसरच्याही पलीकडे, मध्य प्रदेशाच्या हद्दीला टेकलेलं. त्या काळी तिकडे गेलेली पोरगी सणावारीच दिसायची, आणि एकदा दुसऱ्याचं लेकरू काखेला बसलं की शाळा सुटली ती सुटलीच. त्या रात्री भात खाली लागला. वहिनीचा भात कधी लागत नसे.

मला त्या दिवसांत एकच काम होतं, धान राखायचं. आमच्याकडे हलका धान आधी पिकतो, भारी धान मागून. त्यामुळे गावात हलका धान ज्याच्या बांधीत असेल त्याच्याकडे सगळ्या पंचक्रोशीतले पोपट जेवायला. बांधी म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी, बांधून घेतलेला धानाचा तुकडा. आमची तलावाजवळची बांधी आधी पिकली होती, आणि मायनं गल्लीतली सगळी चिल्लीपिल्ली माझ्या हवाली करून सांगितलं होतं, बोंबला. आता नुसतं हाऽऽ हूऽऽ करून पोरं किती वेळ बोंबलणार? दुपारपर्यंत त्यांचे घसे बसायचे आणि पोपट आमच्याकडे पाठ करून खात राहायचे. म्हणून मी त्यांना बाराखडी ओरडायला लावली. "क ला काना काऽऽ!" ही एवढी हाक तलावापलीकडे जायची आणि आख्खा थवा उठायचा. पोपट जरा सरावले की आम्ही ख वर जायचो. ओरडून झालं की बांधीच्या ओल्या चिखलावर काडीनं लिहायचं. काना म्हणजे खुंटी, वेलांटी म्हणजे बैलाचं शिंग, उकार म्हणजे वासराची शेपटी. ण म्हणताना सगळी न म्हणत, आणि घरी मीही न च म्हणत असे, म्हणून मी त्यांना फार छळलं नाही. शेजारच्या बांधीचा मालक एकदा येऊन म्हणाला, "आमच्याही धुऱ्यावर येऊन म्हना गा थोडं, तुमचे पाखरं आमच्याकडे येऊन राहिले." माझ्या शिक्षकी पेशाला मिळालेलं ते पहिलं प्रशस्तिपत्र.

कुसुम या सगळ्यात यायची, पण ओठ मिटून. ती फक्त लिहायची. तिचा क सगळ्यांत गोल आणि देखणा होता. दोन्ही शेपट्या नीट काढून ती चिखलात स्वतःचं नाव लिहायची आणि त्याच्याजवळ बसून राहायची. दादा बांधीवर आला की त्या नावाला वळसा घालून जायचा. त्याला तेवढं वाचता येत होतं.

मंडई जवळ येत होती आणि मी तिच्या जिभेच्या मागे लागले होते. मध आणि वेखंड चाटवून झालं. चमच्याच्या दांडीनं जिभेचं टोक दाबून झालं. ती मला चावली. मग मी म्हटलं, क कुठून निघतो ते माझ्या तोंडात बघ. मी आ केला आणि "क, क, क" म्हणत राहिले. ती माझे दोन्ही गाल धरून बराच वेळ आत डोकावली, आणि हताश होऊन म्हणाली, "सतूआत्या, आत त अंधारच हाये." मी हसले, पण तिला हसू आलं नाही. तिला खरंच वाटत होतं की सगळ्यांच्या तोंडात काहीतरी वस्तू आहे आणि तिच्याच तोंडात ती ठेवायची राहून गेली.

मायचं औषध वेगळंच होतं. मिठूनं उष्टावलेलं फळ लेकराला चारलं की जीभ वळते, हे तिला तिच्या आईनं सांगितलेलं. मिठू म्हणजे पोपट. आमच्या बांधीच्या धुऱ्यावर जांबाचं झाड होतं. पेरूला आमच्याकडे जांब म्हणतात. मायची अट अशी की फळ झाडावर लटकलेलं असताना पोपटानं खाल्लेलं हवं, आणि आपण डोळ्यांनी बघितलेलं हवं. खाली पडलेलं चालणार नाही, कारण ते खारीचं आहे की वाघळाचं कुणास ठाऊक. पोरांनी हौसेनं उष्टे जांब आणून दिले. माय ते उजेडात धरून तपासायची आणि म्हणायची, "हे दात हायेत. चोच अशी नाही लागत." बिचाऱ्या एका पोरानं तर स्वतःच चावून आणला होता. त्याच्या पडलेल्या दाताची फट त्या जांबावर उमटली होती, त्यामुळे चोर लगेच सापडला.

खरी अडचण आम्ही होतो. आमची बाराखडी इतकी खणखणीत झाली होती की जांबाच्या झाडावर पोपट फिरकायलाच तयार नव्हता. दादा मायला चिडवायचा, "खालून पोट्टे हाकलते अन् वरून तू बोलावते. त्या मिठूनं ऐकाव कोनाचं?"

मग दादा पवनीच्या बाजाराला गेला त्या दिवशी मायनं डाव साधला. ती भाताचं गाठोडं घेऊन बांधीवर आली, पोरांना जेवू घातलं आणि म्हणाली, "आता सारे चूप. आडवे व्हा धुऱ्यावर. उभं मानूस दिसलं का मिठू येत नाही."

"अन् धान, माय?"

"धान दरसाल येते," माय म्हणाली. "पोरगी बपेऱ्याले चालली."

ती एवढंच बोलली, पण मी तिच्याकडे पाहिलं आणि मला कळलं की मंडईचे दिवस मी एकटीच मोजत नव्हते. आम्ही सगळे जांबाखालच्या गवतात उताणे पडलो. मी, माझ्याजवळ कुसुम, पलीकडे पोरांची रांग, आणि टोकाला पदर तोंडावर ओढून माय. पिकलेल्या धानाचा गोडसर वास, चतुरांची भिरभिर, आणि आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसलेली ती पोरं. थवा आला तो आधी धानावर. आम्ही पडल्या पडल्या कणसं तुटल्याचे आवाज ऐकत होतो. धानवाल्याच्या लेकीला हे ऐकत पडून राहणं किती कठीण, हे दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही. मग त्यातला एक पोपट जांबावर आला. फांदीवर तिरका तिरका सरकला, एका फळाला उलटा लटकला, आणि त्यानं चोच मारली. पांढरा तुकडा खाली कुसुमच्या पोटावर पडला.

"खाल्लं!" कुसुम म्हणाली.

स्वच्छ, घशातून आलेला ख. मग एक पोरगा किंचाळला, "कुसुम ख म्हनली!" आणि एकच गिल्ला झाला. पोपट उडाले. मायनं आकडीनं तो जांब तोडला, चोचीची खूण नीट पाहिली, पदराला पुसला आणि उठून बसलेल्या कुसुमच्या तोंडात कोंबला. "म्हन बापा आता."

"थाल्लं," कुसुम म्हणाली.

मायचा चेहरा मला अजून दिसतो. तिनं पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा तेच आलं. माय जांबाचा दुसरा घास पुढे करायला लागली तशी कुसुम चिडली, गवतात मागे पडून हातपाय झाडायला लागली. "नाही खाचं मले! नाही खाचं!"

मी तिच्यावर ओणवी झाले. "कुसुम, उठून बस. आता म्हन."

"नाही थाचं."

"पड मागे. म्हन."

"नाही खाचं."

असं का होत होतं ते मला कळलं नव्हतं, पण मला थांबवेना. आम्ही तिला क म्हणायला लावलं, ग म्हणायला लावलं. आभाळाकडे तोंड करून पडली की सगळी अक्षरं येत होती, बसली की जात होती. तिला त्याची इतकी गंमत वाटली की ती पडून हसायला लागली आणि तिच्यासोबत पोरंही. त्या हसण्यात धानाचा सगळ्यांना विसर पडला, आणि पोपटांनी तो फायदा पुरेपूर घेतला.

दादा बाजारातून थेट बांधीवर आला तेव्हा धुऱ्याकडेची कणसं रिकामी लोंबत होती आणि पाण्यावर कोंडा तरंगत होता. तो पिशवी हातात तशीच धरून उभा राहिला. "काहून वो सकू? तोंडं शिवली होती का तुमची? डोळ्यादेखत धान खाऊ देला?"

"मीच चूप बसवलं त्याहिले," माय म्हणाली.

"तू त बोलूच नोको, माय! मिठू, मिठू! वर्षभर काय खाव आता, जांब?"

तो इतक्या मोठ्यानं कधी मायवर ओरडला नव्हता. पोरं माझ्या मागे दडली. कुसुम मात्र माझ्या मागून निघाली, चालत दादासमोर गेली आणि त्याच्या पायांशी सरळ उताणी पडली. त्याला वाटलं पोरीला भोवळ आली. पिशवी टाकून तो खाली बसला, तिच्या मानेखाली हात घालायला लागला. तिनं तो हात बाजूला केला.

"बाबा," ती म्हणाली, "मी कुसुम."

दादाचा हात तसाच राहिला. "काय म्हनली?"

"कुसुम."

तो बाजाराला नेसलेल्या पांढऱ्या धोतरानिशी चिखलातच बसला. खांद्यावरचा दुपट्टा त्यानं तोंडावर धरला तो बराच वेळ काढला नाही. शेवटी दुपट्टा खाली आला. त्यानं मायकडे न बघता विचारलं, "अजून हायेत का जांब झाडावर?"

त्यानंतर आमच्या घरात आडवं पडण्याचं पर्व सुरू झालं. आधी जमिनीवर, मग मायच्या मांडीवर मान टेकून, मग धानाच्या कोठीला पाठ लावून, मग नुसती मान मागे करून. अक्षरं हळूहळू उभी राहायला शिकली. मधेच एखाद्या दिवशी सगळा त परत यायचा आणि वहिनीचा भात पुन्हा खाली लागायचा. संध्याकाळी अंगणात बापलेक शेजारी शेजारी उताणे पडून "क ला काना का" म्हणत असायचे, आणि मला वाटतं चौथीत सुटलेलं बरंच काही दादानं तेव्हा पुरं केलं. मंडईला बपेऱ्याचे पाहुणे आले. जेवणं झाल्यावर दादा म्हणाला, "साडभाऊ, पोरगी नाही पाठवत. तिची शाळा हाये." वहिनीनं त्या दिवशी इतके वडे तळले की पाहुण्यांना बांधून देऊनही उरले.

शाळेत गुरुजींनी पुन्हा नाव विचारलं तेव्हा मी खिडकीत उभी होते. कुसुमनं एकदा खाली जमिनीकडे पाहिलं. ही आता इथं आडवी पडते की काय, म्हणून मी खिडकीतून आत झुकले. तिनं मान मागे टाकली, छपराच्या कवेलूंकडे बघितलं, आणि आपलं नाव सांगितलं. त्याच आठवड्यात ती मला सकूआत्या म्हणायला लागली. ज्यासाठी एवढा जिवाचा आटापिटा केला तेच झालं होतं, आणि मी गोठ्यामागे जाऊन रडले. सतूआत्या म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं.

पुढे मी गणितातून सुटले आणि लहान मुलांची मास्तरीण झाले. एका प्रशिक्षणात वाचा-उच्चार शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की उताणं झोपलं की जीभ आपोआप मागे पडते, म्हणून काही मुलांना क असा झोपवून शिकवतात. मी सुट्टीत घरी गेले ती ही बातमी घेऊनच. मायला सगळं समजावून सांगितलं, जांबाचा त्यात काही संबंध नव्हता हेही सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अन् झोपवलं कोनं तुमाले? मिठूनंच ना?" यावर प्रशिक्षणात काही सांगितलेलं नव्हतं.

माय आता नाही. कुसुम लाखनीला असते, तिलाही सुना आल्या. गेल्या हिवाळ्यात दादाला लकव्याचा झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ज्याच्या आवाजाला गाव दबून असायचं तो माणूस आमच्याकडे बघत नुसता ओठ हलवायचा, आणि काही निघालं नाही की तोंड भिंतीकडे फिरवायचा. कुणी भेटायला आलं तर डोळे मिटून घ्यायचा. मला ते डोळे मिटणं कळत होतं. कुसुम दर आठवड्याला यायची. एका सकाळी मी तिथंच असताना ती आली, पिशवीतून डबा काढला, आणि डब्यात एक जांब होता, एका बाजूनं चोच मारलेला. "माह्या आंगनातल्या झाडाचा हाये, आत्या," ती म्हणाली. "मी सोता पाहिलं त्याले खाताना." मी तो हातात घेऊन उजेडात धरला. दात नव्हते, चोचच होती.

तिनं जांबाची बारीक फोड कापून दादाच्या तोंडात घातली. मग चप्पल काढून ती त्याच्या शेजारी पलंगावर आडवी झाली, पांढऱ्या केसांची बाई, आणि दोघं छताकडे बघत पडली. "बाबा," ती म्हणाली, "माहं नाव काय?" दादा कितीतरी वेळ ओठ जुळवत राहिला. त्याच्या कपाळाला घाम आला. तिनं घाई केली नाही.

"तु," दादा म्हणाला. "तुसुम."

आणि लगेच त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. कुसुमनं त्याची हनुवटी धरून ते हळूच आपल्याकडे वळवलं.

"हो, बाबा. तुसुमच," ती म्हणाली, आणि जांबाची दुसरी फोड कापली.